दुछत्तीवरचा गणपती

१

त्या वर्षी मी रोज दुपारी एक वाजता जेवायला घरी येत असे. रेल्वेच्या ऑफिसातून आमच्या क्वार्टरपर्यंत स्कूटरनं सात मिनिटं लागायची. सुनीती तेव्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली होती, ती तीनला परतायची. ओट्यावर पोळ्यांचा डबा, झाकलेली भाजी, वाटीत चटणी. मी एकटाच जेवायचो, ताट विसळून ठेवायचो आणि वीस मिनिटं पंख्याखाली पडायचो. लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरणारी विमानं छतावरून जायची, तेवढाच काय तो आवाज.

माझं काम तुटलेले रूळ तपासण्याचं. कुठं रूळ तुटला की तो तुकडा आमच्याकडे येतो, आणि चीर नेमकी कुठून सुरू झाली ते मी सांगतो. चीर कुठून तरी सुरू झालेली असतेच. इतकी वर्षं हेच करत आल्यामुळे ‘असंच झालं’ हे वाक्य मला सहन होत नाही. ऑफिसातली पोरं माझ्या या खोडीला वैतागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

तर ऑक्टोबरातल्या एका सोमवारी चहा गाळता गाळता सुनीतीनं विचारलं, “अहो, दुपारी तुम्ही दूध पिता का?”

“हो. का?”

“काही नाही. दूधवाला भैया तेवढंच दूध घालतोय, पण मी येते तेव्हा पातेलं निम्मं असतं.”

“ॲसिडिटी होते हल्ली,” मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. मला दुधाचा वासही सहन होत नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. पण वर्षभर आम्ही दोघं एकमेकांना फारसे प्रश्न विचारतच नव्हतो.

२

आधी त्याच्या मागच्या वर्षाचं सांगायला हवं. मला ते सांगणं जड जातं, म्हणून थोडक्यात सांगतो.

शर्वरी आमची एकुलती एक. सहा वर्षांची. जन्म लखनौचा, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. त्या उन्हाळ्यात आम्ही पेणहून शाडूचा वीतभर उंचीचा गणपती आणला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भुसा घालून तो बसवला होता, आणि पुष्पक एक्सप्रेसमध्ये तिनं तो डबा मांडीवरून खाली ठेवू दिला नाही. झोपलीसुद्धा त्याला मिठी मारून.

आमचा गणपती पाच दिवसांचा. चतुर्थीला इंदिरा नगरहून बाळकृष्णकाका आले. ते बँकेतून रिटायर झालेले. लखनौतल्या पंधरा-वीस मराठी घरांची पूजा तेच सांगतात. त्यांनी मूर्तीच्या छातीला दूर्वा लावून प्राणप्रतिष्ठा केली. शर्वरीनं विचारलं, “अब ये ज़िंदा हैं?”

“हो, आता हा जिवंत,” काका म्हणाले. “पाचव्या दिवशी उत्तरपूजा करायची. अक्षता वाहून मूर्ती जराशी सरकवली की प्राण गेले. मग उरते ती नुसती माती. ती नदीत सोडायची.”

“तो फिर सरकाओ ही मत,” शर्वरी म्हणाली. आम्ही सगळे हसलो.

तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. चौथ्या दिवशी पहाटे झटके. मेंदूज्वर. त्या मोसमात वॉर्डात तशी बरीच मुलं होती. डॉक्टर म्हणाले, हिला नीट गिळता येत नाहीये, तोंडानं काही द्यायचं नाही. थेंबसुद्धा नाही. फुप्फुसात गेलं तर संपलं. हाताला सलाइन होतं. ओठ फुटायचे तेव्हा आम्ही ओल्या कापसाचा बोळा फिरवायचो, तोही पिळून.

मधूनमधून ती शुद्धीवर यायची आणि थेट माझ्याकडे बघायची. आईकडे नाही, माझ्याकडे. घरात ‘हो’ आणि ‘नाही’ मी म्हणायचो ना. “बाबा, पानी. नहीं तो दूध. बस थोड़ा सा.” मी म्हणायचो, “उद्या, बेटा.” सुनीती बाहेर व्हरांड्यात जाऊन रडायची. मी दिलं नाही. मी शिस्तीचा माणूस.

पाचव्या दिवशी आंघोळीला घरी आलो. पाटावर गणपती तसाच, हार सुकलेला. उत्तरपूजा माझी मलाही येत होती. अक्षता हातात घेतल्या, आणि परत वाटीत टाकल्या. त्याला मोठ्यानं म्हणालो, “ती घरी येईपर्यंत तुला सोडणार नाही. ती आली की तीच सोडेल तुला.” लोक देव पाण्यात ठेवतात. मी जिवंत देव ओलीस ठेवला, आणि दाराला कुलूप लावून हॉस्पिटलात गेलो.

दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी ती गेली. बोळा माझ्याच हातात होता.

सुतकात सुनीतीनं एकदाच विचारलं, गणपतीचं काय केलंत. मी म्हणालो, उत्तरपूजा केली, गोमतीत सोडला. खरं म्हणजे मी तो दसहरी आंब्यांच्या रिकाम्या पेटीत ठेवून, पंच्यानं झाकून वर चढवला होता. बाथरूमच्या डोक्यावर सामान टाकायची बुटकी खोली असते, इथं तिला दुछत्ती म्हणतात. तिथं, अगदी आत. का, ते धड सांगता येणार नाही. मला त्याच्याकडून जाब हवा होता, आणि जाब मिळेपर्यंत त्याला जाऊ द्यायचं नव्हतं.

३

एकवीस सप्टेंबर १९९५. पितृपक्षातला गुरुवार. ऑफिसात पोचलो तर निम्मी टेबलं रिकामी. गणपती दूध पितोय म्हणे. दिल्लीत पितोय, कानपुरात पितोय, समोरच्या मंदिरात रांग रस्त्यापर्यंत. आमचा चीफ ड्राफ्ट्समन डोळे पुसत परत आला.

दुपारी घरी आलो तर सुनीतीची शाळा लवकर सुटलेली, आणि ती शेजारच्या लीलावती भाभींच्या देवघरासमोर उभी. वर्षभरात पहिल्यांदा ती कुठल्याही देवासमोर उभी होती. पितळी गणपतीच्या सोंडेला तिनं चमचा लावला होता आणि चमच्यातलं दूध उतरत होतं.

“देखिए भैया, बहूजी के हाथ से पी रहे हैं,” भाभी म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. ओल्या सोंडेला चमचा टेकला की दूध वर ओढलं जातं आणि पातळ पापुद्र्यासारखं अंगावरून खाली उतरतं. पायाशी ताम्हनात थारोळं साचलं होतं. मी बोट लावून दाखवलं. भाभींनी तोंड फिरवलं.

“तुम्हाला काहीच कसं दिसत नाही हो?” सुनीती म्हणाली.

मला दिसत होतं ते तिला दिसू नये असं वाटत होतं. सगळा देश खुशीत होता की देव दूध पितो. मला भीती वाटली. देव दगड असेल, तर शर्वरीचं जाणं म्हणजे एक डास आणि एक ताप. त्यात कुणाचा हात नाही, कुणाची मर्जी नाही. पण चमचाभर दूध जो पिऊ शकतो तो जागा आहे. मग तो गेल्या वर्षीही जागा होता. आमच्याच घरात, पाटावर, जास्वंदीचा हार घालून.

संध्याकाळपर्यंत सगळीकडचं थांबलं.

४

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी जेवलो नाही. स्टूल घेतलं आणि दुछत्तीवर चढलो.

माझा हिशेब साधा होता. कच्ची शाडू दूध शोषणारच. शोषून शोषून तिचा चिखल होईल, सोंड गळून पडेल, आणि माझ्या डोक्यातला विषय संपेल. नदीची भानगडच नको. पेटी खाली आणली, पंचा बाजूला केला. वर्षभराची धूळ पंच्यावर होती, मूर्तीवर नव्हती. ठीक आहे, झाकलेली होती. रंग ताजा, डोळे खाली झुकलेले. फक्त सोंडेचं टोक सुकून भेगाळलं होतं. बाकी कुठंही भेग नव्हती.

ओट्यावर ठेवून चमचा लावला.

माती पाणी शोषते तेव्हा आवाज येत नाही. हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. इथं आवाज आला. घोट गिळल्याचा. ज्यानं तापातल्या मुलाला चमच्यानं औषध पाजलंय त्याला तो आवाज दुसऱ्या कशाचाही वाटणार नाही. चमचा रिकामा झाला होता आणि ओटा कोरडा होता.

मी काही ठरवायच्या आत हातानं दुसरा चमचा भरला होता. मग तिसरा. पाव लिटरचा पेला होता. शेवटचा एक चमचा उरला तेव्हा मात्र त्यानं घेतला नाही. ते दूध सोंडेवरून ओघळून ओट्यावर पडलं, भाभींच्या देवघरात पडत होतं तसं. मी ओटा पुसला, पेटी वर ठेवली, आणि दोनच्या ठोक्याला ऑफिसात होतो.

५

माणूस घाबरला की मोजमाप करतो, निदान मी तरी करतो. मूर्तीचं वजन रोज पाजण्याआधी आणि नंतर केलं. आठवड्यात जवळजवळ दीड लिटर दूध गेलं, आणि काटा एका रेषेनंही हलला नाही. नखानं टिचकी मारली तर आवाज टणक. तळाला टिपकागद लावून ठेवला, तो कोरडा राहिला. पाणी पाजून बघितलं, प्यायला. चहा लावला, नाही घेतला. शर्वरीला आम्ही चहा देत नव्हतो.

हे मी वहीत लिहिलं आणि खोडलं. असं वाक्य लिहिणाऱ्या पोराला मी ऑफिसात झापला असता. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्या एक होत नाहीत.

पण आणखीही होतं. दोन घोट झाले की तो थांबायचा. मग बारीक उसासा. मग तिसरा घोट. शर्वरी अशीच प्यायची, आणि पेल्यात चमचाभर नेहमी उरवायची. सुनीती त्यावरून रोज ओरडायची, “तेवढंसं कुणासाठी ठेवतेस गं?” आता तो उरलेला चमचा बघितला की मी भाजीचा डबा न उघडताच परत ऑफिसला जायचो.

रविवारी सुनीती घरी असायची, त्यामुळे काही देता यायचं नाही. अशाच एका रविवारी सकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी पेपर वाचत होतो. वरून आवाज आला. फार बारीक. कोरड्या टाळूला चिकटलेली जीभ सुटते तसा. थोड्या वेळानं पुन्हा.

“ऐकलंत?” सुनीती म्हणाली.

“पाल असेल.”

ती घडी हातात धरून छताकडे बघत राहिली. मी पेपर धरलेला हात स्थिर ठेवला. हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवशी मी हा आवाज तासन् तास ऐकला होता, आणि तेव्हाही हात स्थिरच ठेवला होता.

माझी अडचण आता सरळ होती. आत देव असेल, तर जाब न घेता मी त्याला सोडणार नव्हतो. आणि आत ती असेल, तर त्याला सरकवणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा मारणं. काही असो, उत्तरपूजा मला करता येत नव्हती. आणि एक तिसरी गोष्ट होती, ती मी वहीतही लिहिली नाही. मी त्याला ओलीस ठेवला मंगळवारी. ती गेली गुरुवारी. चीर कुठून सुरू झाली, हे शोधणं माझं काम आहे.

६

दुधाबद्दल विचारल्यानंतर दोनच दिवसांनी, बुधवारी, सुनीती सव्वा वाजता घरी आली. मला दाराचा आवाज आला नाही, कारण मी दुसरा आवाज ऐकत होतो. वळलो तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. पर्स अजून खांद्याला.

तिनं मूर्ती लगेच ओळखली.

“सोडला म्हणाला होतात.”

“नाही सोडला.”

“उत्तरपूजा?”

“नाही केली. ती आजारी होती तेव्हाच नाही केली. म्हटलं, ती आली की…”

तिनं पर्स खाली ठेवली. माझ्या हातातला चमचा घेतला, भरला, सोंडेला लावला. घोट ऐकू आला. मला वाटलं होतं ती आनंदानं वेडी होईल, भाभींकडे झाली होती तशी. तिचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरा घोट. थांबणं. उसासा. सुनीतीच्या घशातून एक विचित्र हुंकार आला आणि तिनं ओट्याची कड घट्ट धरली.

“मी वर्षभर तिला कुठं कुठं शोधलं,” ती म्हणाली. “कपाटात तोंड घालून तिच्या फ्रॉकचा वास घेत बसायचे मी. आणि तुम्ही…”

“ती नसेल, सुनीती. आपल्याला तसं वाटतंय. अजून काही सिद्ध…”

“गप्प बसा हो!” ती ओरडली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती. मग आवाज एकदम खाली आला. “केवढी तहान आहे ही. वर्षभर याला वर कोंडून ठेवलंत, उपाशी. आतमध्ये कोण आहे ते मला नाही जाणून घ्यायचं. जो कुणी असेल त्याला असं ठेवायचं नाही. काकांना बोलवा.”

“आणि ती असेल तर?”

“मग तर आधी बोलवा,” सुनीती म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

तिनं त्या दिवसापासून जेवण सोडलं. ‘तो मोकळा होईपर्यंत मला गिळवत नाही,’ एवढंच म्हणायची. शाळेलाही गेली नाही. रोज मूर्तीसमोर बसून चमचा चमचा पाजायची आणि रडायची. शुक्रवारी तिला उठताना भोवळ आली. शनिवारी मी काकांना फोन केला.

७

रविवारी सकाळी काका आले. सगळं ऐकून घेतलं. आमच्याकडे बघायची त्यांची नजर बदलली नाही, पण ते मूर्तीच्या फार जवळही गेले नाहीत. दूध पाजून दाखवू का विचारलं, तर “नको, नको,” म्हणाले.

सुनीती आत दही-पोह्यांचा नैवेद्य करत होती. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ते मनानं फार चांगले. त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगाही तरणाताठा गेला होता, त्यामुळे ते वरवरचं बोलत नव्हते.

“चंद्रकांत, तू त्याच्याकडे जाब मागतोस. मीही मागितला होता. पण आपल्याला कळणार आहे का ते? असं बघ. ऑपरेशनच्या आधी लहान मुलाला पाणी देत नाहीत. ते रडतं, आकांत करतं. त्याला वाटतं, बाप दुष्ट झाला. बापाला ठाऊक असतं की हे त्याच्या भल्यासाठीच आहे. मुलाला कसं कळावं? तसे आपण. आणि तसा तो.”

मला हसू आलं की रडू, ते आठवत नाही.

“काका, तो बाप मी होतो,” मी म्हणालो. “मी नाही दिलं पाणी. भल्यासाठीच नाही दिलं. आणि ती गेलीच. तहानलेली गेली. बापाला काही ठाऊक नव्हतं हो, काका. कुणीतरी नको म्हणालं म्हणून त्यानं दिलं नाही.”

काकांचा हात पाठीवरून निघाला. बराच वेळ ते पंचपात्रीतली पळी उगाच हलवत राहिले. मग म्हणाले, “चल. सूर्य फार वर यायच्या आत उरकू.”

८

पाट मांडला. गंध, फूल, धूप, दिवा. दही-पोह्यांचा नैवेद्य दाखवून झाला. आरती तिघांनी म्हटली, सुनीतीचा आवाज मध्येच तुटायचा. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. सुनीती माझ्या मागं डोळे मिटून, हात जोडून उभी राहिली.

“अक्षता घे,” काका म्हणाले, आणि पोथीत बघून मंत्र म्हणू लागले.

मी अक्षता घेऊन वाकलो. मूर्तीकडे इतक्या खालून मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. सोंडेच्या मागं, जिथं मूर्तिकार फारसं काही करत नाही, तिथं तोंड होतं. लहान. ओठ कोरडे, मधोमध फुटलेले, आणि एका कोपऱ्याला कापसाचा एक तंतू चिकटलेला. डोळे खाली झुकलेले नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. त्यात राग नव्हता. राग असता तर मला चाललं असतं. ज्याच्या हातात सगळं आहे असं आपल्याला वाटतं, तो आपल्याला का देत नाहीये, हे न कळलेलं माणूस जसं बघतं, तसे ते बघत होते. ते कुणाचे होते, तिचे की त्याचे, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

ओठ हलले. आवाज आला नाही. तीन शब्द होते, हॉस्पिटलातलेच.

दुधाची वाटी नैवेद्याच्या ताटाशेजारी होती, माझ्या हातापासून वीतभर.

“काका,” मी म्हणालो, “जरासं दूध…”

“आता नाही,” काका पोथीतून मान वर न करता म्हणाले. “नैवेद्य झाला. आता मध्ये काही द्यायचं नसतं. सरकव.”

मी मागं बघितलं. सुनीती डोळे मिटून उभी, पाच दिवसांची उपाशी, गालांची हाडं वर आलेली. मी पुन्हा वाटीकडे बघितलं.

मग मी मूर्तीला दोन्ही हात लावले आणि उत्तरेकडे सरकवली. बोटभर. ती सहज सरकली. माझ्या तळव्यांखाली काहीतरी होतं ते थांबलं, आणि मातीचा गारवा लागला.

काका इंदिरा नगरला परतले. आम्ही दोघं स्कूटरवरून गोमतीवर गेलो. मूर्ती सुनीतीच्या मांडीत होती. पाण्यात घातल्याबरोबर ती विरघळली. सोंड आधी गेली. मग नुसता गढूळ ढग उरला, आणि तोही प्रवाहाबरोबर पुढं गेला. सुनीती पायरीवर बसून ते शेवटपर्यंत बघत होती. मग तिनं ओंजळभर पाणी घेऊन चेहरा धुतला.

“सरकवताना काही जाणवलं तुम्हाला?” तिनं विचारलं. “खरं सांगा. कुणी होतं?”

तिचा चेहरा मोकळा झाला होता. वर्षभरात मी तो असा पाहिला नव्हता. पदरानं गाल पुसत ती उत्तराची वाट बघत होती. काय उत्तर यावं म्हणून ती मनातल्या मनात विनवत होती, ते मला स्पष्ट दिसत होतं.

“नाही,” मी म्हणालो. “माती होती.”

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली, पोटभर रडली, आणि मग म्हणाली की भूक लागली आहे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. जे पाहिलं ते मी तिला कधीही सांगणार नव्हतो, तिच्याच भल्यासाठी. देवही असाच गप्प बसत असेल. आपण विचारतो, आणि आपला चेहरा बघून त्याला खरं सांगवत नसेल. तसं असेल तर आयुष्यात पहिल्यांदा तो मला कळला, आणि कळूनही मी त्याला माफ केलेलं नाही.

घाटाच्या पायऱ्या चढून स्कूटरपाशी येईपर्यंत सुनीतीनं माझा हात सोडला नाही.